तांबड्या पेशीवरची खूण

आज मी आपल्याला दोन परीक्षानळ्या दाखविणार होतो. ध्वनिक्षेपकासमोर बसून त्या दाखविता येत नाहीत. तेव्हा श्रोत्यांनी त्या मनःचक्षूंनीच पाहाव्यात. दोन्ही नळ्यांत रक्ताइतकेच खारट असे मिठाचे पाणी आहे आणि त्यात रक्ताचा एकेक थेंब मिसळला आहे. पहिल्या नळीतील द्रव लाल पण गढूळ दिसतो. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरे वाचता येत नाहीत. दुसऱ्या नळीतील द्रवही लालच आहे, पण कोकमाच्या सरबतासारखा नितळ. त्यातून मागची अक्षरे स्वच्छ वाचता येतात. रक्त दोहोंत सारखेच आहे. फरक इतकाच, की पहिलीत तांबड्या पेशी शाबूत असून त्या उजेडाला अडवीत आहेत, आणि दुसरीत त्या फुटून त्यांच्या पोटातील हिमोग्लोबिन पाण्यात पसरले आहे. या फुटण्याला रक्तविलयन असे नाव आहे.

दुसऱ्या नळीत घडले तेच माणसाच्या रक्तवाहिन्यांत घडले, तर अंगाला कापरे भरते, कंबर दुखू लागते, लघवी काळपट लाल होते, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. चुकीच्या गटाचे रक्त चढविले गेले म्हणजे असे होते, आणि त्यातून रोगी दगावतोही. पेशी फोडण्याचे हे काम जी प्रथिने करतात ती बाहेरून आलेली नसतात. ती आपल्या प्रत्येकाच्या रक्तात या घटकेलाही वाहत आहेत. ती पेशीला चिकटतात कशी, आणि चिकटूनही बहुतेक वेळा पेशी जगते कशी, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

या प्रथिनांचा शोध ज्यूल बोर्दे या तरुण बेल्जियन वैद्याच्या नावे आहे. १८९४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकोव्ह यांच्या हाताखाली काम करण्यास गेला. त्याच वर्षी जर्मनीत फायफर यांनी असे पाहिले होते, की पटकीविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेल्या गिनीपिगच्या पोटात पटकीचे जंतू सोडले तर ते विरघळून जातात. बोर्देने हा प्रकार नळीत करून पाहिला, आणि पुढे १८९८ साली जंतूंच्या जागी तांबड्या पेशी घेतल्या. सशाचे रक्त त्याने गिनीपिगला वारंवार टोचले. काही दिवसांनी त्या गिनीपिगच्या रक्ताचा निवळ पिवळसर भाग, म्हणजे सीरम, सशाच्या तांबड्या पेशी विरघळवू लागले. हे सीरम पंचावन्न अंशांवर अर्धा तास तापविले, तेव्हा मात्र ते निकामी झाले. निदान तसे वाटले. कारण त्याने पेशींचे पुंजके होत, पण त्या फुटत नसत. मग बोर्देने त्यात दुसऱ्याच, काहीही न टोचलेल्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम घातले, आणि पेशी फुटल्या.

या साध्या प्रयोगातून जे निघाले ते अद्याप तसेच उभे आहे. पेशी फोडण्यास दोन द्रव्ये लागतात. एक उष्णता सोसणारे, शरीराने मुद्दाम तयार केलेले आणि ठरावीक शत्रूलाच ओळखणारे. यालाच आपण प्रतिपिंड म्हणतो. दुसरे उष्णतेने मरणारे, सर्वांच्या रक्तात आयतेच असणारे आणि कोणालाही न ओळखणारे. या दुसऱ्याला बोर्दे 'अलेक्सिन' म्हणे. जर्मनीत एर्लिख यांनी त्याला 'कॉम्प्लिमेंट' हे नाव दिले आणि तेच टिकले. मराठीत आपण त्यास 'पूरक' म्हणू. बोर्देला १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओळख आहे ती प्रतिपिंडाला, पूरकाला नाही, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढचा बराच भाग या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

ही दोन पावले वेगवेगळी पडतात याचा सुरेख पुरावा १९०४ साली व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी दिला. थंडीत बाहेर पडले की ज्यांची लघवी लाल होई असे काही रोगी त्यांच्या पाहण्यात होते. अशा रोग्याचे रक्त नुसते बर्फात ठेवले तर काही होत नसे. नुसते कोमट ठेवले तरी काही होत नसे. आधी बर्फात आणि मग शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात ठेवले, की पेशी फुटत. प्रतिपिंड थंडीत चिकटत असे आणि पूरक आपले काम उबेत पुरे करीत असे. त्या काळी हे रोगी पुष्कळदा उपदंशाने पीडित असत. हल्ली हा विकार मुख्यतः लहान मुलांत एखाद्या विषाणुजन्य आजारानंतर काही दिवस दिसतो आणि बहुधा आपोआप ओसरतो.

बोर्देने एक द्रव्य म्हणून ओळखलेले पूरक म्हणजे वास्तविक प्रथिनांचा एक मोठा गोतावळा आहे. त्यांची संख्या तिसाहून अधिक असून बहुतेक यकृतात तयार होतात. मुख्य नऊ प्रथिनांना सी-१, सी-२ असे क्रमांक आहेत. पण हे क्रमांक शोधाच्या ओघात पडलेले असल्यामुळे सी-४ हे सी-२ च्या आधी काम करते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना याचा जाच झाला आहे. आपण त्यात न शिरता मोजकेच टप्पे पाहू.

सी-१ या प्रथिनाचा एक भाग सहा कळ्यांच्या गुच्छासारखा असतो. प्रत्येक कळीला प्रतिपिंडाचे देठ पकडता येते, पण एका कळीची पकड इतकी सैल असते, की ती लगेच सुटते. दोन किंवा अधिक कळ्यांना एकाच वेळी आधार मिळाला, तरच सी-१ ठाण मांडून बसते आणि जागे होते. 'एम' वर्गाच्या प्रतिपिंडाला पाच जोडलेली अंगे असल्याने त्याचा एकच रेणू पेशीवर पाय रोवून बसला तरी पुरे होते. 'जी' वर्गाच्या प्रतिपिंडाला मात्र शेजारी लागतो. दोन रेणू एकमेकांच्या अगदी जवळ बसल्याशिवाय सी-१ ला पकड मिळत नाही.

या जवळिकीचे महत्त्व रक्तगटांत फार चांगले दिसते. 'ए' गटाच्या प्रौढ माणसाच्या एका तांबड्या पेशीवर 'ए' प्रतिजनाच्या जागा आठ-दहा लाखांच्या घरात असू शकतात. ऱ्हीसस गटाच्या 'डी' प्रतिजनाच्या जागा मात्र सामान्यतः दहा ते तीस हजार असतात. तेवढ्याच पृष्ठभागावर त्या विखुरल्यामुळे 'डी'विरुद्धची प्रतिपिंडे एकमेकांपासून दूर बसतात आणि पूरकाला जाग येत नाही. अशा पेशीही नाश पावतात, पण त्या प्लीहेतील भक्षक पेशींच्या तोंडी हळूहळू पडतात. शिरेतल्या शिरेत फुटत नाहीत. 'ए', 'बी' गटांची चूक मिनिटांत जिवावर बेतते आणि ऱ्हीससची चूक सहसा इतक्या झपाट्याने बेतत नाही, याचे एक मोठे कारण हेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चिकटणे म्हणजे काय? जागे झालेले सी-१ प्रथम सी-४ आणि सी-२ यांना कापते. त्यांच्या तुकड्यांतून पेशीच्या पृष्ठभागावर एक विकर उभे राहते, आणि ते सी-३ ला कापू लागते. सी-३ हा या सर्व कथेचा नायक होय. एक लिटर रक्तद्रवात तो एक ते दीड ग्रॅम असतो. पूरक प्रथिनांत इतका विपुल दुसरा कोणी नाही. अखंड सी-३ निरुपद्रवी असतो. त्याच्या पोटात एक रासायनिक बंध दडलेला असतो, आणि रेणूचा लहान तुकडा कापला गेला की तो उघडा पडतो. फणस कापला म्हणजे आतला चीक उघडा पडतो आणि हात, विळी, जे जवळ असेल त्याला धरतो, तसेच हे आहे. मात्र फणसाचा चीक तासन्‌तास चिकट राहतो; सी-३ चा हा चिकटपणा सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या अवधीत जवळच्या पृष्ठभागावरील एखाद्या शर्करेशी किंवा प्रथिनाशी गाठ पडली तर कायमचा रासायनिक बंध जुळतो. न पडली तर पाण्याशी संयोग होऊन तो बंध वाया जातो. कापलेल्या रेणूंपैकी बरेचसे असे वायाच जातात. पण एकच विकर शेकडो रेणू कापीत असल्यामुळे प्रतिपिंडाच्या एका ठिकाणाभोवती सी-३ चा सडा पडतो.

हे चिकटणे आंधळे आहे. प्रतिपिंडाने जागा नेमून दिली, पण सी-३ ने ज्याला धरले ते शत्रूचे आवरण आहे की स्वतःच्याच पेशीचे, हे त्याला कळत नाही. इतकेच काय, प्रतिपिंड मुळीच नसतानाही रक्तात सी-३ चे काही रेणू सतत आपोआप उघडत असतात आणि जवळ जे असेल त्याला धरू पाहतात. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशीवरही पूरकाचे थोडे अवशेष नेहमी सापडतात ते यामुळे. आपला आणि परका हा भेद चिकटण्यात नाही. तो चिकटल्यानंतर काय होते यात आहे.

चिकटल्यानंतर तीन गोष्टी संभवतात. पहिली, गाडे पुढे चालू राहते. सी-५ कापला जातो, मग सी-६, ७, ८ एकत्र येतात आणि शेवटी सी-९ चे अनेक रेणू गोल मांडणीत आवरणात घुसून नळीसारखे छिद्र पाडतात. इंग्लंडमध्ये बोर्सोस, डर्माश्किन आणि हम्फ्री यांनी १९६४ साली पूरकाने फोडलेल्या पेशींच्या आवरणाची चित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतली, तेव्हा ही छिद्रे प्रथम डोळ्यांना दिसली. रुंदी साधारण मिलिमीटरचा एक लक्षांश भाग. एवढ्या भोकातून हिमोग्लोबिन सहजासहजी वाहून जात नाही. मग पेशी फुटते कशी, असे कोणी विचारील. भोकातून क्षार आणि पाणी आत शिरते, आतली प्रथिने सहजासहजी बाहेर पडू शकत नसल्याने ती पाण्याला ओढीत राहतात, पेशी भिजत घातलेल्या मनुकेसारखी फुगते आणि अखेर आवरण फाटते. आपली दुसरी, नितळ नळी अशी तयार होते.

दुसरी गोष्ट म्हणजे छिद्र पडण्याइतके गाडे पुढे जात नाही, पण सी-३ ने माखलेली पेशी यकृतातून जाताना तेथील भक्षक पेशी तिला पकडतात आणि गिळतात.

तिसरी गोष्ट सर्वांत अधिक वेळा घडते, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. पेशी स्वतःला सोडविते. तांबड्या पेशीच्या आवरणावर यासाठीच नेमलेली प्रथिने असतात. सीडी-५५ हे सी-३ कापणारे विकर मोडून टाकते. सीडी-५९ हे सी-९ ला गोल धरू देत नाही. आणखी एक प्रथिन, पूरकाचा पहिला ग्राही, चिकटलेला सी-३ धरून ठेवते आणि रक्तातील एका विकराकडून त्याचे तुकडे करविते. फणस कापताना आपण हाताला तेल लावतो, त्याप्रमाणे पेशीने चीक लागूच दिला नाही, असे मात्र नव्हे. चीक लागतोच, पेशी तो नंतर कापून काढते. काढतानाही मुळाशी एक लहानसा तुकडा राहून जातो, कारण तो रासायनिक बंधाने पक्का जडलेला असतो. या तुकड्याला सी-३डी म्हणतात. तो कोणाला इजा करीत नाही, त्याला पाहून यकृतातील भक्षक पेशी धावत नाहीत. पेशी त्याच्यासह रक्तात फिरत राहते. या पेशीवर एकदा प्रसंग आला होता आणि ती त्यातून वाचली, एवढे मात्र तो सांगतो. शीर्षकातील खूण ती हीच.

आता याच प्रथिनांची एक भली बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही प्रथिने आपल्याच घरात घुसलेले दरोडेखोर आहेत असा समज व्हायचा. १९५३ साली नेल्सन या संशोधकाने दाखवून दिले, की प्रतिपिंड आणि पूरक यांनी माखलेले उपदंशाचे जंतू माणसाच्या तांबड्या पेशींना जाऊन चिकटतात, आणि असे चिकटलेले जंतू भक्षक पेशींना गिळण्यास सोपे जातात. यामागे वर सांगितलेला पूरकाचा पहिला ग्राही आहे. एका तांबड्या पेशीवर तो काही शेकडाच असतो. पांढऱ्या पेशीवर पुष्कळ अधिक. पण एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी सुमारे पन्नास लाख असतात, त्यामुळे रक्तातील या ग्राहीचा बहुतेक साठा त्यांच्याकडेच असतो. प्राणवायू वाहणाऱ्या या पेशी रक्तातील घाणही पाठीवर घेऊन यकृतापर्यंत पोहोचवितात, तिथे ओझे उतरवितात आणि परत फिरतात. ल्युपस या व्याधीत हे ग्राही तांबड्या पेशींवर कमी झालेले आढळतात.

जाता जाता एक गंमत. 'चिडो' आणि 'रॉजर्स' नावाचे रक्तगट रक्तपेढ्यांना छळीत असत. त्यांचे स्वरूप काही केल्या उमगेना. पुढे कळले, की ते तांबड्या पेशीचे घटकच नव्हेत. ते सी-४ या पूरक प्रथिनाचे, पेशीवर चिकटून राहिलेले तुकडे होत. म्हणजे खुणेलाच रक्तगट समजून तिचे बारसे झाले होते!

पूरक जागे झाले की काय होते, याचे एक मोठे उदाहरण मुंबईचे आहे. 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते, असा सर्वत्र समज होता आणि आजही अनेकांचा आहे. १९५२ साली मुंबईहून भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा तीन व्यक्तींची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्यांच्या पेशी वरवर 'ओ' गटाच्या दिसत, पण ज्यांचे सीरम 'ओ' गटाच्या पेशींवरही तुटून पडे. 'ए' आणि 'बी' हे प्रतिजन ज्या मूळ पायावर उभारले जातात तो 'एच' नावाचा पायाच या लोकांत नसतो; म्हणून त्यांच्या रक्तात 'ए', 'बी' यांच्याबरोबर 'एच'विरुद्धचेही प्रतिपिंड तयार होते. 'ओ' गटाच्या पेशीवर तर 'एच'ची सर्वाधिक दाटी. प्रतिपिंड 'एम' वर्गाचे, शरीराच्या उष्णतेलाही काम करणारे आणि पूरकाला जागविणारे. प्रतिजन खेटून बसलेले. आपण पाहिलेल्या सर्व अटी येथे एकत्र येतात. जगभर याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. मुंबई परिसरात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, आणि युरोपात दहा लाखांत एकाच्या आसपास, असे सांगितले जाते. अशा माणसाला 'ओ' रक्त देणे म्हणजे नितळ नळी त्याच्या शिरेत तयार करणे होय. रक्ताचा गट ठाऊक असला तरी दात्याच्या पेशी आणि रोग्याचे सीरम समोरासमोर आणून पाहिल्याखेरीज रक्त देऊ नये, हा रक्तपेढीचा आग्रह ज्यांना नातेवाईक म्हणून ताटकळत बसताना निव्वळ दिरंगाई वाटतो, त्यांनी हे उदाहरण आठवावे.

पुन्हा खुणेकडे वळू. १९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्झ यांनी मूरँट आणि रेस यांच्यासह एक परीक्षा प्रसिद्ध केली. पेशीवर प्रतिपिंड चिकटले असेल, पण त्याने पेशींचे पुंजके होत नसतील, तर ते दिसणार कसे? कूम्ब्झ यांनी सशाला मानवी ग्लोब्युलिन टोचून त्याविरुद्धचे प्रतिपिंड मिळविले आणि ते धुतलेल्या पेशींवर टाकले. पेशीवर काही चिकटलेले असेल तर हे दुसरे प्रतिपिंड त्या चिकटलेल्यांना एकमेकांशी जोडते, आणि पुंजके दिसू लागतात. ही परीक्षा आज जगातील प्रत्येक रक्तपेढीत नित्याची आहे. पण काही रोग्यांत ती विचित्र उत्तर देई. परीक्षा होकारार्थी येई आणि प्रतिपिंड मात्र सापडत नसे. १९५७ साली लंडनमध्ये डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडा केला, की अशा पेशींवर परीक्षेत दिसते ते प्रतिपिंड नव्हेच, ते पूरक असते.

हे रोगी कोण? त्यांच्या रक्तात थंडीत चिकटणारे 'एम' वर्गाचे प्रतिपिंड असते. बोटे, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा या जागी रक्त थोडे निवते. तेथे ते प्रतिपिंड पेशीला धरते, पूरकाला जागे करते आणि सी-३ चा सडा पडतो. रक्त पुन्हा छातीपोटाच्या उबेत आले की प्रतिपिंड पेशीला सोडून निघून जाते; पूरक मात्र रासायनिक बंधाने जडलेले असल्यामुळे मागे राहते. ज्याने आग लावली तो पसार आणि जागेवर राख, असा हा प्रकार. कधी हा विकार मायकोप्लाझ्मा जंतूंमुळे झालेल्या न्यूमोनियानंतर काही आठवडे होतो, कधी उतारवयात येऊन ठाण मांडतो.

येथे खूण नीट वाचता येण्यावर रोग्याचे पुष्कळ काही अवलंबून असते. पेशीवर 'जी' वर्गाचे प्रतिपिंड सापडले, तर नाश बहुधा प्लीहेत होत असतो; अशा वेळी स्टेरॉइड औषधांचा चांगला उपयोग होतो आणि प्रसंगी प्लीहा काढून टाकल्यानेही गुण येतो. केवळ सी-३डी सापडला आणि थंडीतील प्रतिपिंडही सिद्ध झाले, तर नाश मुख्यतः यकृतात होत असतो. प्लीहा काढून फारसे हाती लागत नाही आणि स्टेरॉइडही बहुधा निष्फळ ठरतात. दोन्ही रोगी सारखेच फिकट, सारखेच थकलेले, दोघांचेही हिमोग्लोबिन उतरलेले. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे नळीतील पुंजक्यांवरून ठरते.

म्हणूनच नमुना घेतानाची हयगय येथे चालत नाही. साध्या नळीत गोठू दिलेले रक्त शीतकपाटात राहिले, तर पूरक तेथेच पेशींना चिकटू शकते, आणि मग परीक्षा शरीरात काय घडले ते न सांगता बाटलीत काय घडले ते सांगते. या परीक्षेचे रक्त ईडीटीए हे द्रव्य घातलेल्या नळीत घेतात. ते कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कॅल्शियमवाचून सी-१ चे भाग एकत्र राहत नाहीत. याउलट, थंडीतील प्रतिपिंडाचे मोजमाप करावयाचे असेल तर रक्त सीरम वेगळे होईपर्यंत सदतीस अंशांवरच ठेवावे लागते. ते वाटेत निवले, तर प्रतिपिंड पेशींना चिकटून बसते आणि सीरममध्ये उरतच नाही. प्रयोगशाळेचा सेवक ऊन पाण्याच्या थर्मासमध्ये नळी घालून धावत येताना दिसला, तर तो विनाकारण धावत नसतो.

पेशी जगते ती चिकटण्यापासून बचावून नव्हे, तर सोडवणूक करून, असे मी मघाशी म्हटले. याची परीक्षा निसर्गाने एका रोगात स्वतःच घेतली आहे. १८८२ साली जर्मनीत श्ट्र्यूबिंग यांनी चाके तयार करणाऱ्या एका कारागिराच्या आजाराचे वर्णन केले. त्याची सकाळची लघवी काळपट असे, दिवसभरात ती निवळत जाई. या रोगात मज्जेतील एखाद्या मूळ पेशीत, जन्मानंतर, एका जनुकात बिघाड होतो. हे जनुक १९९३ साली जपानमध्ये सापडले. सीडी-५५ आणि सीडी-५९ ही प्रथिने मेदाच्या ज्या नांगराने आवरणात रोवलेली असतात, तो नांगरच या बिघाडामुळे तयार होत नाही. त्या मूळ पेशीपासून उपजणाऱ्या सर्व तांबड्या पेशी निःशस्त्र जन्मतात. त्यांच्याविरुद्ध कोणतेही प्रतिपिंड नसते, कोणी शत्रू आलेला नसतो. रक्तात नित्य आपोआप उघडणारा सी-३ च त्यांना पुरतो, आणि त्या फुटतात.

२००७ साली या रोगावर एकुलिझुमॅब हे औषध मान्य झाले. ते सी-५ ला अडविते, त्यामुळे छिद्र पडत नाही. अनेकांचे प्राण त्याने वाचविले. परंतु काही रोग्यांचे हिमोग्लोबिन तरीही वर चढेना. २००९ साली इटलीतील संशोधकांनी त्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांवर सी-३ चे थर आढळले. औषधापूर्वी हे दिसत नव्हते, कारण सी-३ ने माखलेली पेशी दिसण्याइतकी जगतच नव्हती. आता ती छिद्रापासून वाचली, पण सीडी-५५ नसल्याने सी-३ साचतच गेला, आणि यकृतातील भक्षक पेशींनी तिला हेरले. लक्षणीय गोष्ट अशी, की त्याच रोग्याच्या रक्तात निरोगी मूळ पेशींपासून झालेल्या तांबड्या पेशीही वाहत होत्या. त्यांवर असा थर नव्हता. रक्तद्रव एकच, सी-३ तोच, औषध तेच. दोन पेशींत फरक होता तो केवळ आवरणावरील त्या दोन लहान प्रथिनांचा.

यानंतरची औषधे याच शोधातून निघाली. २०२१ साली मान्य झालेले पेगसेटाकोप्लान सी-३ लाच अडविते. २०२३ सालचे इप्टाकोपान सी-३ चा सडा वाढविणाऱ्या दुसऱ्या एका घटकाला थांबविते, आणि ते तोंडाने घेता येते. थंडीतील प्रतिपिंडाच्या विकारासाठी २०२२ साली अमेरिकेत मान्य झालेले सुटिमलिमॅब तर अगदी पहिल्या पायरीवर, सी-१ पाशीच, वाट रोखते. पण पूरक झोपले, की मेंदूच्या आवरणाचा दाह करणारे मेनिंगोकॉकस जंतू फोडण्याचे त्याचे कामही थांबते. म्हणून ही औषधे सुरू करण्याआधी त्या जंतूंविरुद्धची लस टोचून घ्यावी लागते. आणि औषध चालू असताना ताप आला तर सकाळची वाट न पाहता, रात्री असला तर रात्रीच, रोग्याने रुग्णालय गाठावयाचे असते.